खोल रेतीच्या थराची निगा : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गोड्या पाण्याच्या टाकीत महिन्यातून एकदा सायफनची नळी खडीत खुपसून तळाची घाण ओढून काढणे ही चांगली सवय मानली जाते. बहुतेकांचा मासे पाळण्याचा छंद अशाच टाकीपासून सुरू होतो, त्यामुळे पुढे खाऱ्या पाण्याची टाकी घेऊन तिच्यात दहा-बारा सेंटिमीटर रेती भरली तरी हात तोच चालतो. या खोल थरात नळी खुपसली, की काही तासांत टाकी हातची जाऊ शकते. तरीही हीच चूक पुन्हा पुन्हा होते. तिच्याखालोखाल होणाऱ्या चुका म्हणजे नदीची रेती वापरणे, बोअरच्या पाण्यात मीठ कालवणे, थर घालताना क्रम उलटा करणे आणि लाइन गेल्यावर टाकी तशीच सोडून देणे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भातल्या खेड्यात असा थर वर्षानुवर्षे टिकवता येतो. मात्र त्यासाठी तयारी आणि क्रम या दोन्हींत सूट घेता येत नाही.

थरात काय घडते ते आधी समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यावरच आधारलेली आहे. वरच्या साधारण दोन सेंटिमीटर रेतीत प्राणवायू पोहोचतो. तिथले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. त्याखाली प्राणवायू जवळजवळ संपतो, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सुटून जातो. अगदी तळाशी नायट्रेटही फारसे पोहोचत नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. हा वायू सावकाश वर सरकत असताना वाटेतल्या प्राणवायूने त्याचे विष उतरते. थर उकरला, की मात्र तो एकदम पाण्यात मिसळतो. थर स्वच्छ ठेवायचा म्हणजे तो धुवायचा नाही, तर त्याच्या या पायऱ्या मोडू द्यायच्या नाहीत.

टप्पा १ : जागा, वजन आणि टाकीची उंची

बारा सेंटिमीटर रेती टाकीची तेवढी उंची खाते, म्हणून टाकी किमान ५५ ते ६० सेंटिमीटर उंच असावी. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच अशी टाकी घेतली, तर बारा सेंटिमीटरच्या थराला सुमारे ४८ लिटर, म्हणजे जवळपास ७० किलो कोरडी रेती लागते. पाणी, दगड आणि काच धरून सगळे वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. ते जुन्या टेबलावर किंवा दिवाणावर पेलले जाणार नाही. लोखंडी अँगलचे स्टँड वेल्डरकडून करून घ्यावे आणि मिठाच्या पाण्याने गंजू नये म्हणून त्याला प्रायमर आणि ऑइलपेंट असे दोन्ही हात द्यावेत.

आपल्याकडे अनेक घरे काळ्या कापसाच्या जमिनीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमीन एका बाजूला बसते किंवा उचलली जाते आणि तिच्याबरोबर स्टँडचे पायही. सारवलेल्या किंवा कच्च्या जमिनीवर प्रत्येक पायाखाली जाड फरशीचा तुकडा ठेवावा. टाकी बाहेरच्या भिंतीपासून, टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीपासून आणि दुपारच्या उन्हाच्या खिडकीपासून दूर असावी. घरात सर्वांत थंड राहणारी खोली निवडावी, मग ती बैठकीची नसली तरी चालेल.

तपासणी : पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून मोजावी. मृगाच्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हीच मोजणी पुन्हा करावी. तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक आढळला, तर टाकी भरलेली असताना स्टँडखाली पाचर ठोकू नये. आधी पाणी बरेच उतरवावे.

टप्पा २ : रेतीची निवड

या थराला अ‍ॅरागोनाइट ही कॅल्शियम कार्बोनेटची रेती लागते. तिचा दाणा बारीक साखरेएवढा, म्हणजे मुख्यतः ०.२ ते १ मिलिमीटरचा असावा. दुकानात कोरल सँड या नावाने मिळणारा ३ ते ५ मिलिमीटरचा माल दिसायला सुंदर असला तरी खोल थरासाठी निकामी आहे, कारण मोठ्या दाण्यांच्या फटींतून खाद्याचा चुरा थेट तळापर्यंत घसरतो आणि तिथेच सडतो. उलट पिठासारखी अगदी बारीक रेती नुसती वापरली, तर ती प्रवाहाने उडत राहते.

वैनगंगा, वर्धा किंवा कन्हान नदीची रेती घराजवळ मिळते, म्हणून ती चाळून, धुऊन वापरण्याचा मोह होतो. ही रेती प्रामुख्याने सिलिकाची असते आणि तिच्यात गाळ, लोहाचे कण व शेतातून वाहून आलेले काय काय असते, याचा भरवसा देता येत नाही. पाण्याचा आम्लपणा वाढू लागला तर सावरून धरण्याचा गुणही तिच्यात नाही. टाइल्सच्या दुकानातले संगमरवराचे टोकदार खडे आणि भुकटी हाही पर्याय नाही. रेतीत बिळे करणाऱ्या मऊ किड्यांना त्या दाण्यांच्या कडा कापतात.

तपासणी : चमचाभर कोरड्या रेतीवर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. कार्बोनेटची रेती फसफसते, सिलिकाची फसफसत नाही. त्यानंतर कागदावर रेती पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. काळे कण चिकटले तर ती रेती परत करावी.

सावधान : समुद्रकिनाऱ्यावरून रेती, शंख, प्रवाळाचे तुकडे किंवा जिवंत दगड (जिवाणू व बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड) उचलून आणू नयेत. प्रवाळ आणि सर्व प्रकारच्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. कारखान्यात तयार केलेले सच्छिद्र दगड वापरावेत. थोड्या महिन्यांत त्यांवरही जिवाणू तितकेच वसतात.

टप्पा ३ : पाणी आणि मीठ

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात विहिरीचे पाणी आधीच खारट असते, आणि ते टाकीला सोयीचे असेल असा समज आढळतो. तो पूर्णपणे चुकीचा आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट यांचे ठरावीक प्रमाण असते. भूजलाचे प्रमाण वेगळे असते आणि ते मोसमागणिक बदलते. लोणार सरोवराचे पाणीही खारे असले तरी ते तीव्र अल्कधर्मी आहे आणि समुद्रातला एकही मासा त्यात तगणार नाही. खडे मीठ, आयोडीनयुक्त मीठ किंवा शेंदेलोण यांनीही हे पाणी तयार होत नाही. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार समुद्री मीठच लागते.

मीठ ज्या पाण्यात कालवायचे, ते पाणी क्षारमुक्त असले पाहिजे. शेतीच्या गावांत बोअरच्या पाण्यात नायट्रेट बरेच असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, तर आपल्या टाकीत आपण ते १० च्या आत ठेवू पाहतो. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीसुद्धा इथे चालत नाही. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. ती बंद करून घ्यावी आणि शक्य असल्यास पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) नळी जोडावी. गावात मिळणारे वीस लिटरचे जार मोजल्याशिवाय कधीही वापरू नयेत.

पाणी निळ्या ड्रममध्ये घेऊन त्यात लहान पंप सोडावा, लिटरला सुमारे ३५ ते ४० ग्रॅम मीठ थोडे थोडे घालावे आणि चोवीस तास फिरू द्यावे. मीठ पाण्यात घालावे. मिठावर पाणी ओतू नये, कारण तसे केल्यास काही क्षार पांढरा साका होऊन बसतात. ज्या ड्रममध्ये कधी कीटकनाशक किंवा खत कालवले असेल, तो कितीही घासला तरी या कामासाठी बाद समजावा.

तपासणी : मीठ घालण्यापूर्वी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर) ० ते ५ दिसले पाहिजे. मीठ विरघळल्यावर खारेपणा हजारी ३५, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावे. मोजणी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वाकतो यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणाने) करावी आणि तो हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा.

टप्पा ४ : थर घालण्याचा क्रम

क्रम असा आहे : आधी दगडांचा आधार, मग दगड, मग थोडे पाणी, मग रेती आणि शेवटी उरलेले पाणी. नेमका हाच क्रम बहुधा उलटा होतो.

दगड रेतीवर ठेवले, तर रेतीत बिळे करणारे जीव त्यांच्याखालची रेती हलवतात, दगड कलंडतो आणि काच फुटते किंवा मासा दबतो. म्हणून पीव्हीसी पाइपाचे बारा-तेरा सेंटिमीटरचे तुकडे कापून, त्यांना पाणी खेळण्यासाठी भोके पाडून टाकीच्या तळावर उभे करावेत आणि दगड त्यांवर घट्ट रचावेत. दगडांनी तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा झाकू नये. मोकळ्या रेतीवरच थर श्वास घेतो.

त्यानंतर टाकीत दहा सेंटिमीटर तयार खारे पाणी भरावे. कोरड्या टाकीत रेती ओतली, तर तिच्यात हवेचे कप्पे अडकतात आणि पुढे कित्येक दिवस ते फुटून थर ढवळत राहतो. रेती क्षारमुक्त पाण्यात एक-दोनदाच खळबळून घ्यावी. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत बसू नये, कारण अतिबारीक कणही थराला हवे असतात. मग रुंद तोंडाच्या मगाने रेती पाण्याखाली नेऊन हळूच उपडी करावी आणि तीन-चार सेंटिमीटरची एकेक रास पसरवत वर यावे. जिवंत रेती (जिवाणू व बारीक जीव असलेली ओली रेती) मिळाली असेल, तर ती धुवू नये. तिचा दोन सेंटिमीटरचा थर सर्वांत वर द्यावा. शेवटी रेतीवर जेवणाचे ताट उपडे ठेवून त्यावर बारीक धारेने उरलेले पाणी सोडावे.

थराची जाडी १० ते १५ सेंटिमीटर ठेवावी. दोन-अडीच सेंटिमीटरचा उथळ थर सायफनने स्वच्छ ठेवता येतो आणि दहाच्या पुढचा थर स्वतःचे काम स्वतः करतो. पाच ते सात सेंटिमीटरचा मधला थर मात्र सर्वांत वाईट, कारण तो नायट्रेट नीट घटवत नाही आणि घाण मात्र साठवतो. रेती परवडत नसेल, तर जाडी निम्मी करण्यापेक्षा उथळ थर ठेवणे बरे.

सावधान : पाणी दोन-तीन दिवस दुधाळ दिसेल. ते लवकर निवळावे म्हणून कोणतेही रसायन टाकू नये. पंपाचा झोत रेतीवर पडून खड्डा होत असेल, तर पंपाची दिशा पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवावी.

काचेबाहेरून रेतीच्या उंचीएवढी काळ्या कागदाची पट्टी चिकटवावी. उजेड लागला, की काचेला लागून शेवाळाची हिरवी-तपकिरी रेघ उमटते आणि थर आतूनही तसाच झाला असेल, असा गैरसमज होतो. पाहणी करताना तेवढी पट्टी वर उचलावी.

टप्पा ५ : थर मुरू देणे

या टप्प्यात करण्यासारखे फार थोडे असते आणि घाईने बिघडवण्यासारखे बरेच. अमोनियाचा स्रोत म्हणून चिमूटभर खाद्य टाकावे, पंप अखंड चालू ठेवावा आणि तीन-चार दिवसांनी पाणी तपासावे. अमोनिया वाढून शून्यावर येईल, त्यामागून नायट्राइटही तसेच वाढून उतरेल. याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. हिवाळ्यात हीटर नसेल तर काळ आणखी लांबतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, म्हणून हीटर सुरुवातीपासूनच लावावा आणि पाणी २४ ते २७ अंशांत ठेवावे.

अमोनिया व नायट्राइट शून्य झाले, म्हणजे वरचा थर तयार झाला. नायट्रेट उतरवणारा खालचा थर तयार व्हायला त्यानंतरही तीन ते सहा महिने लागू शकतात. दुसऱ्या महिन्यात रेतीवर तपकिरी पूड पसरते, नायट्रेट चढते राहते आणि थर निकामी झाला असे वाटून लोक तो ढवळतात. ही तपकिरी पूड डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते आणि बहुधा आपोआप ओसरते. ढवळल्याने सगळी गणना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

टप्पा ६ : रेतीतले जीव

जिवाणू एकटे हा थर चालवू शकत नाहीत. रेतीचा वरचा भाग सतत हळूहळू हलता ठेवणारे बारीक किडे, अ‍ॅम्फिपॉड, कोपेपॉड (हे दोन्ही कोळंबीचे अगदी बारीक भाऊबंद) आणि गोगलगायी नसतील, तर महिन्या-दोन महिन्यांत वरची पापडी घट्ट होते आणि पाणी खाली झिरपत नाही. नासारियस गोगलगाय रेतीत गाडून घेऊन बसते. पाण्यात खाद्य पडताच तिची सोंड रेतीतून वर येते आणि मागोमाग ती संपूर्ण बाहेर पडते. सेरिथ गोगलगाय रात्री काच आणि रेती दोन्हींवरून फिरते. या दोन्ही जाती खोल थरासाठी उत्तम आहेत. शंभर लिटरला पाच-सहापासून सुरुवात करावी.

रेती चाळून देतात म्हणून विकले जाणारे काही प्राणी मात्र थराचे शत्रू आहेत. रेतीत फिरणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन तारामासा थरातले उपयोगी जीव वेचून खातो आणि ते संपल्यावर उपाशी मरून रेतीतच सडतो. तोंडाने रेती उपसणारे वॅलेन्सिएनिया जातीचे गोबी मासे लहान टाकीतला थर काही आठवड्यांत ओस पाडतात. मोठे खेकडेही टाळावेत.

रेतीतल्या जीवांची विविधता काळानुसार घटत जाते. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदा दुसऱ्याच्या निरोगी टाकीतली कपभर वरची रेती आणून आपल्या थरावर पसरवावी आणि आपलीही त्याला द्यावी. खेड्यातून हे जमवायचे, तर नागपूर-अमरावतीकडच्या कुणा छंदी माणसाशी ओळख ठेवावी लागते आणि ती ओळख महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. रेती आणताना ती बुडेल इतकेच पाणी घालून पिशवीत भरपूर हवा सोडावी आणि उन्हाळ्यात एसटीचा प्रवास पहाटेच करावा.

सावधान : माशांना तांब्याचे औषध द्यायचे असेल, तर ते वेगळ्या टाकीत द्यावे. तांबे या कार्बोनेटच्या रेतीत मुरते, थरातले जीव मारते आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू सुटत राहते.

टप्पा ७ : नेहमीची निगा

रोज सकाळी तापमान पाहावे, सर्व पंप चालू आहेत याची खात्री करावी आणि उडालेल्या पाण्याची भर घालावी. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून भर नेहमी क्षारमुक्त गोड्या पाण्याचीच घालायची. मे महिन्यात पंखा लावलेल्या तीन फुटी टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज उडते. १९० लिटर पाण्याच्या टाकीत तीन दिवस भर घातली नाही, तर हजारी ३५ चा खारेपणा ३८ पर्यंत जातो आणि रेतीतले मऊ जीव आधी मरतात. लग्नसराईत दोन-तीन दिवस गावाला जायचे असेल, तर फ्लोट व्हॉल्व्ह लावलेली बादली किंवा रोज भर घालणारा शेजारी, यांपैकी एक व्यवस्था आधी करावी.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासे फार आणि खाद्य फार असेल, तर कोणताही थर ते पेलू शकत नाही.

आठवड्यातून एकदा काळी पट्टी उचलून टॉर्चने थराची पाहणी करावी. निरोगी थरात वरचा पट्टा पांढरट किंवा फिकट तपकिरी, मधला करडा आणि तळाशी कुठे कुठे काळे डाग दिसतात. काचेला लागून किड्यांची बारीक वेडीवाकडी बिळे आणि मोहरीएवढे बुडबुडे दिसले, तर थर नीट काम करतो आहे. काळा पट्टा वर चढत पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आला, तर खाद्य कमी करावे आणि रेतीवरून वाहणारा प्रवाह थोडा वाढवावा. रेतीवर जांभळट-लाल, बोटाने सोलून निघणारी बुळबुळीत चादर दिसली, तर ती सायनोबॅक्टेरियाची आहे. तेवढीच वरच्यावर ओढून घ्यावी.

पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलावे. सायफनची नळी रेतीच्या वर एक-दोन सेंटिमीटर अधांतरी धरावी आणि फक्त वर साचलेला चुरा ओढावा. नळी रेतीत शिरता कामा नये.

कॅल्शियम किंवा अल्कलिनिटी (आम्लपणा सावरून धरण्याची पाण्याची क्षमता) वाढवणारी द्रावणे रेतीजवळ ओतू नयेत. जोरदार प्रवाहाच्या ठिकाणी, थेंबाथेंबाने घालावीत. नाही तर कार्बोनेटचा साका बसून दाणे एकमेकांना चिकटतात आणि थराचा दगड होतो. चुन्याची निवळी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, आणि पानाच्या डबीतला चुना त्यासाठी अजिबात घेऊ नये.

तपासणी : अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आत, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (हे तिचे एकक), कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. आकडे वहीत तारखेसह लिहावेत. एका मोजणीपेक्षा आकडा कोणत्या दिशेला सरकतो आहे, ते महत्त्वाचे असते.

टप्पा ८ : उन्हाळा आणि गेलेली लाइन

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशांना तो सव्वासहाच्या आसपास येतो. त्याच वेळी मासे आणि रेतीतले जिवाणू अधिक वेगाने श्वास घेतात. खोल थराच्या टाकीत रेती स्वतःच प्राणवायूची मोठी गिऱ्हाईक असते, म्हणून पंप बंद पडल्यावर अशा टाकीतले पाणी उथळ थराच्या टाकीपेक्षा लवकर गुदमरते.

आपल्याकडचा मे महिना कोरडा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा देणारे लहान पंखे लावले, तर बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंश उतरते. टाकीच्या खोलीत कूलर लावला तर खोली थंड होते, पण हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम घटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. जुलैच्या दमट दिवसांत पंखे फारसे उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी गोठवलेल्या पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या आळीपाळीने टाकीत तरंगत ठेवाव्यात आणि तापमान तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नये. घर टिनाचे असेल आणि ऐपत असेल, तर चिलर घेणेच योग्य.

लाइन गेल्यावर क्रम असा ठेवावा. पहिल्या काही मिनिटांत बॅटरीवर चालणारा एअर पंप सुरू करावा. इन्व्हर्टर असेल, तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतले पाणी फिरवत ठेवणारा पंप) आणि एअर पंप ठेवावा. हीटर आणि दिवे काढावेत. दोन्ही नसतील, तर मगाने पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी हे काही वेळ करत राहावे. लाइन येईपर्यंत खाद्य देऊ नये. वळवाच्या वादळात तारा तुटल्या, की रात्र रात्र वीज येत नाही, म्हणून एप्रिल लागण्यापूर्वी बॅटरी चार्ज करून, एअर पंप प्रत्यक्ष चालवून पाहावा.

सावधान : कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा गाळणी-पंप) किंवा टाकीबाहेरच्या बादलीत केलेला रेतीचा थर जोडलेला असेल, तर तास-दोन तासांच्या खंडानंतर तो तसाच सुरू करू नये. त्यात अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. ते पाणी आधी काढून फेकावे, मगच जोडणी करावी.

टप्पा ९ : फवारणीच्या दिवसांत

कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर फवारणी सुरू झाली, की टाकीला वेगळी जपणूक लागते. कोळंबी, अ‍ॅम्फिपॉड आणि कोपेपॉड हे कीटकांचेच दूरचे नातलग आहेत. किडीची मज्जासंस्था निकामी करणारे औषध त्यांनाही अत्यल्प प्रमाणात मारते. मासे धडधाकट दिसतात आणि रेतीतली वस्ती मात्र निःशब्द मरून जाते. तिचा सडा पडला, की अमोनिया वाढतो.

फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीच्या खोलीत येऊ नये. युरियाच्या पोत्याला लागलेला हातही पाण्यात घालू नये. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो, म्हणून त्याच खोलीत डासांची वडी किंवा उदबत्ती जाळू नये. ग्रामपंचायतीची डासांसाठी धूरफवारणी असेल, त्या वेळी खिडक्या बंद कराव्यात, टाकीवर स्वच्छ ओले कापड झाकावे आणि एअर पंप तासाभरासाठी बंद ठेवून वेव्हमेकर चालू ठेवावा.

टप्पा १० : थर उकरला गेला तर

दगड कोसळला, मुलाने काठी खुपसली किंवा पंप निसटून रेतीत रुतला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हायड्रोजन सल्फाइड पाण्यात सुटला आहे असे समजावे. खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात. एअर पंप आणि वेव्हमेकर पूर्ण क्षमतेने चालवावेत, मात्र झोत उकरलेल्या जागेवर नसावा. सक्रिय कोळशाची पिशवी प्रवाहात टांगावी. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील, तर त्यांना तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हवा सोडून हलवावे आणि टाकीतले पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलावे. उकरलेली जागा लगेच सारखी करायला जाऊ नये. तो खड्डा तसाच राहू द्यावा आणि काही दिवसांनी वरून थोडी नवी रेती घालावी. पुढचे तीन-चार दिवस अमोनिया रोज मोजावा. यासाठी एक बादली तयार खारे पाणी घरात कायम असावे.

टप्पा ११ : जुना थर बदलणे

काही वर्षांनी थरात फॉस्फेट साठते. खाद्य कमी करूनही शेवाळ हटत नाही, रेतीत बिळे दिसत नाहीत आणि बोटाने दाबल्यावर ढेकळे लागतात, तेव्हा थर बदलण्याची वेळ आली असे मानावे. सर्व थर एका दिवसात उपसला, तर टाकीतले बहुतेक जिवाणू गमावले जातात आणि अडकलेले विष मोकळे होते. सुरक्षित मार्ग म्हणजे मासे व दगड दुसऱ्या पात्रात हलवणे. ते शक्य नसेल, तर थराचे चार भाग कल्पून दर तीन-चार आठवड्यांनी एकच भाग बदलावा. त्या भागाभोवती प्लास्टिकच्या पत्र्याची आडभिंत रेतीत तळापर्यंत सरळ उतरवावी, आतली रेती जाड नळीने पाण्यासकट बादलीत ओढून घ्यावी, नवी रेती मगाने भरावी आणि मगच आडभिंत सावकाश वर काढावी. जुन्या रेतीचा वरचा, जिवंत पट्टा दोन-तीन मूठभर बाजूला ठेवून नव्या रेतीवर पसरवावा. पुढचा भाग अमोनिया शून्य असल्याशिवाय हाती घेऊ नये. घर बदलताना टाकी रेतीसकट उचलण्याचा विचारही करू नये. वजनाने काच तडकते आणि हलण्याने सगळा थर ढवळला जातो.

काढलेली रेती आणि तिच्यासोबतचे खारे पाणी धुऱ्यावर, परसातल्या झाडांच्या बुडाशी किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्या मिठाने माती अनेक हंगाम बाद होते. रेती गोड्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून मीठ काढावे, उन्हात वाळवावी आणि बांधकामाच्या भरावात टाकावी. प्लास्टर किंवा काँक्रीटसाठी मात्र ती कुणाला देऊ नये, कारण उरलेले मीठ सळाखी गंजवते.